मेहबूबचाचांचा क झोन

बारावीचा निकाल लागला की आमच्या जवळा बाजार गावात पोरांचे आईबाप गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन मेहबूबचाचांकडं जातात. चाचा त्या झेरॉक्सला हातही लावत नाहीत. आलेल्यांना बाजेवर बसवतात, तांब्याभर पाणी देतात आणि पोराकडं बघून एकच गोष्ट विचारतात.

"हरल्यावर तू रडतूस, का जेवत न्हाईस?"

पोरगं आईकडं बघतं. आई बापाकडं बघते. बाप गुणपत्रिकेकडं बघतो, तिथं याचं उत्तर कुठं छापलंय का म्हणून. मग कुणीतरी चाचरत सांगतं की जेवतो हो, जेवणाची काही तक्रार नाही. चाचा मान हलवतात, जणू फार मोठी गोष्ट कळली. ती कोणती, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

मेहबूबचाचा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शिक्षण सातवी. कॉलेजच्या आवारात ते पहिल्यांदा गेले ते गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा, रेडिएटरला पाणी मागायला. तरी आमच्या भागातल्या कॉलेजांबद्दल त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नाही, असं सगळ्यांचं मत आहे. खुद्द त्यांचंही आहे.

मी इथल्या अंगणवाडीत बाई आहे. नाव संगीता. आमचं घर चाचांच्या घराला लागून, मधे फक्त एक बोरीचं झाड. चाची वारल्यापासून ते एकटेच असतात. त्यामुळं त्यांच्याकडं येणारा माणूस कसा येतो आणि कसा जातो, हे मी आमच्या ओट्यावरून रोज बघते. येताना माणूस एका कॉलेजचं नाव घेऊन येतो. जाताना चपला घालायला त्याला वेळ लागतो.

आता क झोन म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही बाजेवरच बसून राहाल. विद्यापीठाच्या खेळांसाठी कॉलेजांचे गट पाडलेले असतात. त्यांना झोन म्हणतात. आमच्या बाजूची पाच कॉलेजं क झोनमध्ये येतात. दरवर्षी कबड्डी, खोखो, धावणं असं सगळं आधी या पाचांत होतं आणि जिंकलेले पुढं जातात. या कॉलेजांचे संघ नोकरीची सगळी वर्षं चाचांच्या गाडीनं आले आणि गेले. कॉलेजची माहितीपुस्तिका कॉलेजवालेच छापतात, तिच्यात काय लिहायचं ते त्यांच्या हातात असतं, पण परतीच्या गाडीत जे बसतं ते खरं कॉलेज, असं चाचांचं म्हणणं. जिंकलेला संघ बघू नये, जिंकल्यावर सगळेच चांगले दिसतात. हरलेला बघावा.

हे सगळं ज्ञान त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडून भिंतीला लावलंय. वर पाच कॉलेजांची नावं, तीही त्यांनीच ठेवलेली. डोंगराखालचं, बाभळीचं, तीन मजली, नाल्यापलीकडचं आणि नवं. नवं कॉलेज आता वीस वर्षांचं झालंय, पण चाचांच्या लेखी ते नवंच. डाव्या बाजूला रकाने. मैदान. प्यायचं पाणी. सर गाडीत कुठं बसतात, पुढं का पोरांत. हरल्यावर गाणी म्हणतात का. पडलेल्याची बॅग कोण उचलतं. शेवटची गाडी चुकली तर पोरी कुठं राहतात.

या रकान्यांत चाचा आकडे लिहीत नाहीत. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच आहे त्यांच्याकडं, त्यानं भोकं पाडतात. कुठं एक, कुठं तीन. मी एकदा विचारलं, चाचा, भोक म्हणजे चांगलं का वाईट. ते म्हणाले, ते रकान्यावर हाय. पाण्याला भोक चांगलं. गाडी चुकली तर, तिथं भोक वाईट. आणि गाण्याला? गाण्याच्या रकान्यापुढं ते बराच वेळ चष्मा वरखाली करत उभे राहिले. मग म्हणाले की हे कधी पाडलं ते आठवून बघावं लागेल.

आणि त्यांचा तो एक शब्दप्रयोग. समोरच्याचं सगळं ऐकून घेतात. बराबर हाय, बराबर हाय, म्हणत राहतात. माणूस निश्चिंत होऊन उठायला लागला की म्हणतात, "पण त्यात एक हाय."

एकदा हट्टा गावचे एक कापडदुकानदार नवराबायको आले. पोराला नाल्यापलीकडच्या कॉलेजात घालायचं घरूनच ठरवून आले होते, चाचांनी फक्त होय म्हणायचं होतं. चाचांनी होय म्हटलं. मग त्यात एक हाय निघालं. त्या एकातून दुसरं निघालं. दोन तासांनी ती माणसं उठली तेव्हा त्यांच्या डोक्यात पाचही कॉलेजं चांगली होती आणि पाचही वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार एकटेच परत आले आणि ओशाळून म्हणाले, चाचा, काल आमी काय ठरवून आलो होतो ते तुमच्या ध्यानात हाय का. चाचांच्या बराबर ध्यानात होतं. त्यांनी सांगितलं. ते ऐकून दुकानदारांना इतकं बरं वाटलं की ते लगेच उठले, आणि तिथंच त्यांचं चुकलं. पाच मिनिटं बसून राहिले असते तर चाचांना काही आठवलं नसतं. उठले, म्हणून त्यात आणखी एक निघालं.

हे सगळं मी ओट्यावरून हसत बघायची. मग आमचीच पाळी आली.

आमची लेक प्रणाली खोखो खेळते. बारावीत असताना जिल्ह्याच्या सामन्यात तिला तीन मजली कॉलेजच्या सरांनी बघितलं आणि ते घरी आले. माणूस नीट बोलणारा. म्हणाले, आमचा संघ दरवर्षी झोन जिंकतो, पोरगी आमच्याकडं द्या, बूट, कपडे, होस्टेल सगळं बघतो. प्रणालीचे पप्पा वीज खात्यात लाईनमन आहेत. त्यांना वाटत होतं पोरीनं जवळच्या बाभळीच्या कॉलेजात जावं आणि संध्याकाळी घरी यावं. माझ्या भावाचं मत, खेळ सोडून नर्सिंगला घाला. मला सगळ्यांचंच पटत होतं. जो शेवटी बोलेल त्याचं मला पटतं, हा माझा जुना दोष आहे. म्हणून मी प्रणालीला घेऊन चाचांकडं गेले. घर जळत असताना रॉकेलवाल्याला विचारायला जावं तसं, असं तिचे पप्पा म्हणाले.

चाचांनी प्रणालीला नेहमीचं विचारलं. ती म्हणाली, मी रडत न्हाई आन जेवते पण. मग काय करतेस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बोलत न्हाई कोणाशी. चाचा कॅलेंडरकडं वळले नाहीत की पंच हातात घेतला नाही. म्हणाले, पुढल्या आठवड्यात झोनच्या फायनली हायत, चला, डोळ्यानं बघा.

आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं गेलो. चाचांनी स्वतःचं तिकीट काढलं आणि मशीन घेऊन फिरणाऱ्या त्या कंडक्टर मुलीला, आधी मागच्या सीटवरून सुरुवात कर बेटा, पुढचे कुठं पळून जात नाहीत, असं शिकवलं. तिनंही ऐकून घेतलं.

सामने बाभळीच्या कॉलेजात होते. खोखोची फायनल त्यांचीच, तीन मजलीशी. मी पुढं जागा धरायला निघाले तर चाचांनी आम्हाला मैदानाकडं पाठ करून पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं. खेळ काय, कोणीबी बघतं, असं त्यांचं म्हणणं. बाद झालेल्या पोरी पाणी प्यायला येतात, त्या बघायच्या. त्यामुळं आयुष्यात एकदाच मी खोखोची फायनल बघायला गेले आणि ती मी बघितली नाही. फक्त आवाज ऐकला. प्रणालीनं मान वळवून वळवून बघितली.

तीन मजली जिंकलं. बाभळीच्या पोरी हरून झाडाखाली गोळा झाल्या. त्यांचे सर खाली बसले, पिशवीतून मुरमुरे काढले आणि भेळ कालवायला लागले. एक पोरगी रडत रडत कांदा कापत होती, आणि ती हरल्यामुळं रडते का कांद्यामुळं यावर बाकीच्या भांडत होत्या. पलीकडं तीन मजलीच्या पोरी रांगेत फोटोला उभ्या राहिल्या. त्यातली एक, जी अगदी सुरुवातीलाच बाद होऊन टाकीवर आली होती, ती रांगेच्या टोकाला होती. फोटो काढणाऱ्यानं सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं. ती कुणाकडं सरकावं ते न कळून तिथंच राहिली.

"बराबर बगा," चाचा म्हणाले.

मी बराबर बघितलं आणि विचारलं, म्हणजे बाभळीचं चांगलं ना. चाचा म्हणाले, चांगलंच हाय. पण त्यात एक हाय. त्या सरांना भेळ इतकी चांगली जमते कारण दरवर्षी कालवायला लागते. मग तीन मजली चांगलं का? चाचा म्हणाले, तिथं खेळ शिकवतात, पोरी पुढं जातात, पोलीस भरतीत लागतात, त्यात खोटं काही न्हाई. पण ती टोकाची पोरगी बघितली ना तुमी. मी म्हटलं, बघितली. मग आता काय करायचं? ते तुमी ठरवायचं, असं म्हणून ते चहा सांगायला गेले. मला त्या टाकीजवळ बसून रडावंसं वाटलं.

प्रणाली मात्र सरळ बोलली. चाचा चहा घेऊन आले तसं म्हणाली, "मला जिंकायचंय. मी तीन मजलीतच जाणार."

"बराबर हाय," चाचा म्हणाले. "जिंकायच्या वयात जिंकायलाच जावं."

मी थांबले. चहा संपला तरी थांबले. त्यात एक हाय काही आलं नाही. घरी येईपर्यंत आलं नाही. मी जास्तच घोटाळ्यात पडले.

पुढच्या जूनमध्ये प्रणाली तीन मजली कॉलेजच्या होस्टेलवर राहायला गेली. सुरुवातीला रोज फोन, मैदान असं आहे, खोल्या अशा आहेत, सर सकाळी साडेपाचला शिट्टी मारतात. मग फोन एक दिवसाआड झाला. मग तिच्या बोलण्यातली वाक्यं आखूड होत गेली. जेवलीस का, व्हय. बरी हायेस का, व्हय. संघात घेतलं का, व्हय. मी तिच्या पप्पांना म्हटलं, पोरगी काहीतरी लपवते. ते म्हणाले, संघात घेतलं म्हणते की. लाईनमन माणूस, तारेतून करंट येतोय ना, मग लाईन चालू, असं त्यांचं साधं गणित.

झोनचे सामने आले. त्या वर्षी ते तीन मजली कॉलेजातच होते. प्रणालीनं आम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं, तुम्ही बघायला असलात की माझे पाय जड होतात म्हणाली. फायनलच्या दिवशी मला अंगणवाडीत लेकरांची वजनं घ्यायची होती. सकाळी चाचा छत्री घेऊन निघालेले दिसले. कुठं म्हणून विचारलं तर औंढ्याला डोळे दाखवायला, असं सांगून गेले.

दुपारी तिच्या सरांचा फोन आला. आवाज काळजीचा होता. सामना एका गुणानं गेला. शेवटच्या पाळीत प्रणाली मैदानात होती, थोडाच वेळ उरला होता, आणि तिचे दोन्ही पाय रेषेबाहेर पडले. कोणी हात लावून बाद केलं असतं तर निराळं, ही आपल्याच पायानं बाहेर गेली. आता मैदानाच्या कडेला बसलीय, होस्टेलवर जात नाही, कुणाशी बोलत नाही, खेळ सोडते एवढंच म्हणते. तुम्ही या.

मी वजनकाटा मदतनीस बाईंच्या हवाली केला आणि निघाले. औंढ्याला गाडी बदलून पोचेपर्यंत दोन तास गेले. मैदान रिकामं झालं होतं. चुन्याच्या रेषा पायांनी पुसल्या होत्या. पलीकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर दोन माणसं पाठमोरी बसलेली दिसली. एक प्रणाली. दुसऱ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि बाजूला टेकवलेली छत्री.

मला आधी वाटलं, चाचांसारखं दिसणारं कुणीतरी असेल, चाचा तर औंढ्याला डॉक्टरकडं गेलेत. मग कळलं की ते डोळे दाखवायला निघालेले चाचाच आहेत.

मी जवळ गेले. प्रणालीनं मला बघून फक्त थोडी जागा केली. तिनं पुढं मला सांगितलं ते असं. चाचा तिच्या प्रत्येक सामन्याला आले होते. आवाराच्या बाहेर, गेटजवळच्या टपरीवर उभे राहून बघायचे आणि सामना संपला की निघून जायचे. ती बघते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आज पहिल्यांदा ते आत आले, सरक म्हणाले आणि शेजारी बसले. तासभर एक शब्द बोलले नाहीत.

मी आलेली बघून चाचा उठले. म्हणाले, आता आई आली, माझं काय काम, गाडीची वेळ झाली. त्यावर प्रणाली पहिल्यांदा बोलली, आणि तिनं बोलू नये तसं बोलली.

"चाचा, तुमी सगळ्या झोनला हरल्यावर काय करायचं ते सांगता. तुमाला काय ठावं हरल्याचं? तुमी तर कधी खेळलाच न्हाई."

मी तिला दटावणार होते. पण चाचांनी हातानंच मला थांबवलं. छत्री परत भिंतीला टेकवली आणि बसले.

"मी न्हाई खेळलो," ते म्हणाले. "नसरीन खेळायची."

नसरीन त्यांची एकुलती एक लेक. मी लग्न होऊन इथं आले त्याच साली तिचं लग्न झालं, निजामाबादला. ईदेला कधीमधी येते, शांत बाई आहे, एवढंच मला ठाऊक. ती कधी पळत होती, हे मला शेजारी राहून कळलं नव्हतं.

चाचा सांगायला लागले. नेहमी ते बोलतात तेव्हा हात हलवत बोलतात. आता दोन्ही हात मांडीवर होते.

"आठशे मीटर पळायची. डोंगराखालच्या कॉलेजात होती. माझी गाडी रोज त्या मैदानावरनं जायची, तर मी दारात उभा राहून बगायचो, पोरगी पळून राहिली. ड्रायव्हरला सांगायचो, जरा हळू घे. आन त्या साली झोनला शेवटच्या वळणावर पडली ती. उठली, पळाली, पण साऱ्यात शेवट आली. संध्याकाळी त्यांचा सगळा संघ माझ्याच गाडीत चढला. भरलेली गाडी. ती मागच्या सीटवर, एकटी. गुडघा फुटलेला. मी तिकीट काढत काढत तिच्यापाशी गेलो."

 मी प्रणालीकडं बघितलं. ती त्यांच्याकडं बघत होती.

"मला सारे वळखायचे, बेटा. मेहबूब कंडक्टर लई कडक, म्हणायचे. ड्युटीवर मी कोणाचा भाऊ न्हाई, कोणाचा बाप न्हाई, असं मीच सांगत फिरायचो. तर मी तिला इचारलं, कुठं जायचं. माझ्या पोरीला. ती म्हणली, जवळा बाजार. मी तिकीट फाडलं, तिच्या हातात देलं आन पुढं गेलो. गुडघा काहून फुटला, हेबी न्हाई इचारलं. घरी आल्यावर इचारू म्हणलं. घरी आलो तर ती झोपली होती. सकाळी पळायला उठली न्हाई. मग कधीच उठली न्हाई. दीड वर्षानं लगीन झालं."

त्या दिवसानंतर चाचा गाडीत चढणारे संघ बघायला लागले. हरलेल्या पोरांजवळ कोण बसतं, कोण बोलतं, कुठल्या कॉलेजचे सर पोरांना विचारतात, कुठले खिडकीतून बाहेर बघतात. निवृत्त झाल्यावर तेच कॅलेंडरवर उतरलं. पण नसरीनला त्यांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांत नाही. प्रणालीनं काहून म्हणून विचारलं तर ते म्हणाले, आता इचारून काय, तिला तकलीफ.

इथं मधेच सांगून टाकते, की प्रणालीनं पुढं कॉलेज बदललं नाही आणि खेळही सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी झाली तेव्हा ती मैदानावर होती, असं सरांनी मला कळवलं. त्या भिंतीवर तिच्या मनात नेमकं काय झालं ते तिनं सांगितलेलं नाही आणि मला समजलेलं नाही. तिथं तिनं एवढंच केलं, की हात पुढं केला आणि चाचांना त्यांचा फोन मागितला.

चाचा नको म्हणाले. नसरीन कामात असेल. रेंज नसेल. मग कधीतरी करू. प्रणालीनं फोन घेतला, नाव शोधलं, लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला. त्यांना ऐकू कमी येतं, फोन नेहमी स्पीकरवरच असतो. सगळ्या गल्लीला त्यांची औषधं पाठ आहेत ती त्यामुळंच.

पलीकडून नसरीनचा आवाज आला. या वेळेला फोन कसा, म्हणून घाबरली होती. चाचांनी तब्येत बरी असल्याचं सांगितलं, निजामाबादच्या हवेचं विचारलं, लेकरांचं विचारलं. मग जावयांचं विचारलं. मग परत हवेचं विचारलं. प्रणालीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बेटा," चाचा म्हणाले, "वो तू गिरी थी ना. कॉलेज में. आठसौ मीटर में. मेरीच गाडी में आई थी."

पलीकडं कुठंतरी मागं कुकरची शिट्टी झाली. चाचांना वाटलं फोन कटला. ते हॅलो हॅलो करायला लागले.

"कौनसी रेस, अब्बा?" नसरीन म्हणाली. "मेरेकू तो कुछ याद नै."

चाचा फोनकडं बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा सगळं सांगायचा प्रयत्न केला. वळण, मागची सीट, गुडघा, तिकीट. ती हसली. म्हणाली की तिला पळायचा कंटाळाच आला होता, पहाटे उठायला जिवावर यायचं, म्हणून सोडलं, त्यात एवढं काय. मग तिनं त्यांना साखरेच्या गोळ्या घेतल्या का ते विचारलं, आणि सुट्टीत लेकरांना घेऊन येते म्हणाली. ठेवता ठेवता तिचा आवाज जरा खाली आला.

"भरी हुई बस थी अब्बा, तुम ड्यूटी पे थे. जाने दो."

फोन बंद झाला. प्रणालीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. नसरीनला काहीच याद नव्हतं, मग बस भरलेली होती हे तिला कुणी सांगितलं? चाचांनी वळण सांगितलं होतं, गुडघा सांगितला होता. गर्दीचं त्यांनी नावही काढलं नव्हतं.

चाचांच्या मात्र ते ध्यानात आलं नाही. ते घोटाळ्यात पडले होते. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, लोकांना घोटाळ्यात पाडताना बघितलं, स्वतः पडलेले कधी बघितले नव्हते. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली.

"इसरली म्हणती," ते म्हणाले. "मग मी हे सारं काहून करून राहिलो इतकी वर्सं?" मग थोड्या वेळानं माझ्याकडं वळले. "संगीता बेटा, तुला काय वाटतं? खरंच इसरली असंल?"

प्रणालीनं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"व्हय चाचा," मी म्हटलं. "साफ इसरली."

"बरं झालं," चाचा म्हणाले. आणखी एकदा म्हणाले, बरं झालं. मग त्यांनी प्रणालीपुढं फोन धरला आणि नसरीनचं नाव सगळ्यात वर कसं आणायचं ते विचारलं, म्हणजे दर वेळी शोधावं लागणार नाही. तिनं दाखवलं. त्यांनी स्वतः करून बघितलं, बोट चुकीच्या जागी पडलं आणि फोन पुन्हा लागला. रिंग जायला लागली. कट करा, कट करा, असं मी म्हणत होते, आताच तर बोललात.

चाचांनी कट केला नाही. फोन दोन्ही हातांत धरून ते तिनं उचलायची वाट बघत राहिले.